भोर न सोडणारी माणसे

पुण्यात बिबवेवाडी, सॅलिसबरी पार्क किंवा मार्केट यार्डाच्या परिसरात स्थिरावलेल्या अनेक जैन कुटुंबांत एक विषय वर्षातून दोन-तीनदा तरी निघतोच. मुलांचा व्यवसाय पुण्यात, नातवंडांच्या शाळा पुण्यात, चांगली रुग्णालये पुण्यात. इमारतीत लिफ्ट आहे, मंदिर-स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आई-वडिलांसाठी स्वतंत्र खोली तयार आहे. तरीही गावाकडचे आई-वडील कायमचे यायला राजी नाहीत. ते सणावाराला येतात, पर्युषणात राहतात आणि पारणे झाले की परतीची पिशवी भरू लागतात. मुले त्याला हट्ट म्हणतात, सुनांना काळजी वाटते, नातेवाईक आपापल्या परीने अर्थ लावतात. भोर, वेल्हे, नसरापूर या भागातून पुण्यात आलेल्या कुटुंबांना हा अनुभव परका नाही. पुणे ते भोर हे अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे. एवढ्या जवळच्या शहरात राहायला येणे या माणसांना का जमत नाही, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्याआधी त्यांच्या गावात शोधले पाहिजे.

राजधानीचे गाव

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळला महामार्ग सोडून उजवीकडे वळले की काही वेळात भाटघर धरणाचा परिसर लागतो आणि त्यानंतर नीरेकाठचे भोर येते. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १६९७ मध्ये शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले आणि त्यांच्या वंशाकडे राहिलेल्या मुलखातून भोर संस्थान उभे राहिले. संस्थानातील बहुतेक तालुके गडांच्या नावांनी ओळखले जात. रोहिड्याच्या परिसराला विचित्रगड, तोरण्याच्या परिसराला प्रचंडगड, त्याशिवाय राजगड आणि घाटाखालचा सुधागड. वेल्हे तालुक्याला शासनाने अलीकडे राजगड हे नाव दिले, तेव्हा या मुलखाला ते नाव नवे नव्हते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. सत्ता गेली, पण १८६९ मध्ये बांधलेला राजवाडा राहिला, त्यातील रामनवमीचा उत्सव राहिला आणि राजधानीच्या गावाची एक रीतही राहिली. २०११ च्या जनगणनेत या गावाची वस्ती वीस हजारांच्याही आत होती. एवढ्या लहान गावात जन्मभर राहिलेल्या माणसाला मात्र आपण आडगावात राहतो असे कधी वाटत नाही.

या मुलखाच्या माणसांची ओळख इतिहासाने फार पूर्वी करून ठेवली आहे. भोरजवळच्या कारी गावचे कान्होजी जेधे यांच्यापुढे १६५९ मध्ये बिकट प्रसंग आला. अफजलखान चालून येत होता आणि आदिलशाहीचा हुकूम न मानणाऱ्यांचे वतन जाणार हे उघड होते. कान्होजींनी वतनावर पाणी सोडले आणि शिवाजी महाराजांना दिलेला शब्द पाळला. वतन म्हणजे त्या काळी घराण्याची सारी मिळकत आणि सारा मान. अपरिग्रहाची चर्चा व्याख्यानात ऐकणाऱ्या समाजाने हा प्रसंग वेगळ्या दृष्टीने पाहायला हरकत नाही. ज्या मातीत शब्दाची किंमत मिळकतीपेक्षा अधिक मानली गेली, त्याच मातीत पुढे व्यापाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी दुकाने मांडली.

पेठ आणि खोरी

भोरच्या पेठेचे महत्त्व तिच्या भूगोलात आहे. पश्चिमेला वरंधा घाट उतरला की महाड येते. सावित्रीच्या खाडीमुळे महाड हे जुन्या काळचे बंदर. कोकणातले मीठ घाट चढून वर येई आणि देशावरचा माल घाट उतरून खाली जाई. पेठेच्या भोवती हिरडस मावळ आणि रोहिड खोरे, तर डोंगरापलीकडे गुंजण मावळ आणि कानद खोरे. त्या पलीकडच्या खोऱ्यांना नसरापूर, मार्गासनी आणि वेल्हे येथील दुकाने जवळची. गाड्यांचे रस्ते होण्यापूर्वी या खोऱ्यांतला माणूस डोक्यावर भाताचे नाहीतर नाचणीचे ओझे घेऊन पहाटे निघे, ते बाजारात देई आणि मीठ, तेल, कापड घेऊन अंधार पडायच्या आत घर गाठण्याची घाई करी.

या भागातील व्यापार समजून घ्यायचा तर भाताचे वर्ष समजून घ्यावे लागते. भात वर्षातून एकदा येते. ज्येष्ठात पेरणी, आषाढात लावणी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी. हातात पैसा खुळखुळतो तो मार्गशीर्षात. पोट मात्र बारा महिने असते. आषाढ-श्रावणात घरातील कणगी तळाला गेलेली, बाहेर पाऊस कोसळत असलेला, ओढ्यांना पाणी, मजुरीची आशा नाही. अशा दिवसांत दुकानातली उधारीची वही हाच घराचा आधार. दुसरा आधार मुंबईचा होता. गिरण्यांत, गोदीत, हमालीत राबणारी या खोऱ्यांतील माणसे मनीऑर्डर पाठवीत आणि ती आली की वहीतील आकडा थोडा खाली येई. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच मावळत गेल्या. मनीऑर्डरी थांबल्या, माणसे गावी परतली, खाणारी तोंडे वाढली. अशा वेळी ज्या दुकानदाराने उधारी तोडली नाही, त्याचे नाव तिसऱ्या पिढीपर्यंत घेतले जाते. ज्याने तोडली, त्याचेही नाव तितकाच काळ लक्षात राहते. लहान गावाची स्मरणशक्ती दोन्ही बाजूंनी पक्की असते.

पाव पैशाची कसोटी

व्यापाऱ्याची परीक्षा मोठ्या व्यवहारात होते असे सर्वसाधारण मत आहे. खेड्याच्या पेठेत ती फार लहान आकड्यांवर होत असे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. आता शंभर नवे पैसे झाले. हिशेबाने एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचे नाणे तर नव्हते. मग एका आण्याच्या वस्तूचे सहा पैसे घ्यायचे की सात? सहा घेतले तर पाव पैसा दुकानाचा जातो. सात घेतले तर पाऊण पैसा गिऱ्हाइकाचा जातो. दिवसाला अशी शंभर गिऱ्हाइके धरली, तर वर्षाअखेर हा फरक क्षुल्लक राहत नाही. पाठोपाठ १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाला पायली आणि शेर डोळ्यांनी कळत होते. किलो मात्र केवळ दुकानदाराच्या तोंडावर विश्वास ठेवून घ्यायचा होता.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत मापे कमी-अधिक ठेवणे आणि अस्सल मालात हलका माल मिसळणे हे दोन स्पष्टपणे येतात. चोरी म्हणजे काय हे सांगताना शास्त्रकारांनी थेट दुकानाच्या काट्याकडे बोट दाखवले, ही गोष्ट व्यापारी समाजाने विसरता कामा नये. डोंगरातून दहा-बारा किलोमीटर चालून आलेल्या आजीबाईला मापाची शंका घेण्याचे साधन नव्हते. तिच्या बाजूने काट्याकडे पाहणारा एकच माणूस तिथे होता, तो म्हणजे स्वतः दुकानदार. हे ज्याने जन्मभर केले, त्याच्या दुकानावर पाटी नसली तरी चालते. गिऱ्हाईक त्याला पिढीजात नावाने ओळखते आणि काका, आबा, बापू, शेठ यांपैकी एखादे संबोधन प्रेमाने लावते.

इतिहासाने दिलेला इशारा

हे चित्र गोड वाटते म्हणून दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. याच पुणे जिल्ह्यात १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला होता. युद्ध संपताच तो कोसळला. त्यातच शेतसारा वाढलेला. शेतकरी कर्जात रुतला. सावकारांत मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांचे प्रमाण मोठे होते आणि लोकांचा रोष त्यांच्यावर आला. या उठावात एक गोष्ट विशेष दिसते. जमावाचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. खते आणि गहाणखते मागून घेतली गेली आणि ती जाळली गेली. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा सरकारला करावा लागला.

सुपे भोरपासून फार दूर नाही. भौगोलिक अंतर सोडले तरी त्यातील धडा प्रत्येक पेठेला लागू आहे. वहीत कायदेशीर नोंद असणे आणि ती नोंद लोकांच्या मनाला मान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे दोन्हींचा मेळ बसला, तिथे व्यापारी गावाचा झाला. जिथे बसला नाही, तिथे तो शंभर वर्षे राहूनही परका राहिला. म्हणूनच भोरच्या पेठेत ज्या वृद्धाला रस्त्याने जाताना दहा माणसे थांबवून विचारपूस करतात, त्याची ती मिळकत वारशाने आलेली नाही. त्याने आणि त्याच्या वाडवडिलांनी ती रोज थोडी थोडी जमा केली आहे. पुण्याच्या सदनिकेत ती सोबत नेता येत नाही. तिथे तो अमुक मजल्यावरचे आजोबा असतो. भोरमध्ये तो स्वतःच्या नावाने असतो.

देणारा मुलूख

भोर-वेल्ह्याविषयी माया वाटण्याचे आणखी एक कारण आहे. हा मुलूख घेतो त्यापेक्षा देतो अधिक. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाच्या जलाशयाला भोर तालुक्यातीलच वीर येसाजी कंक यांचे नाव आहे. त्याची साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. नीरा देवघर धरण त्याच्या जवळजवळ निम्मे. या पाण्यावर नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूर आणि उजव्या कालव्याने फलटण-माळशिरस भागातील ऊस उभा राहिला. पलीकडे वेल्हे तालुक्यातील पानशेत आणि वरसगाव ही धरणे खडकवासल्यामार्गे पुण्याची तहान भागवतात. दोन्ही मिळून साठा तेवीस टीएमसीहून अधिक. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याने केलेला आकांत इतिहासात नोंदला गेला आहे. या जलाशयांच्या तळाशी गेलेली घरे, शेते आणि देवळे मात्र फार थोड्यांना आठवतात.

धरणाच्या वरच्या अंगाची डोंगरातील गावे आणि वाड्या पावसाळ्यात धो धो पाऊस सोसतात आणि चैत्र-वैशाखात हंड्यासाठी पायपीट करतात. २०११ मध्ये वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. पुणे जिल्ह्यातील तालुक्यांत ती सर्वांत कमी. तरुण शिरवळच्या कारखान्यांत किंवा पुण्यात गेले. मागे राहिलेल्यांनी भातखाचरे सांभाळली. पुण्यात सकाळी नळ सोडणारा प्रत्येक माणूस या मुलखाचा देणेकरी आहे, आणि पुण्यात गेलेली भोर-वेल्ह्याची व्यापारी कुटुंबे तर दुहेरी देणेकरी आहेत. त्यांनी या खोऱ्यांचे पाणीही प्यायले आणि येथील माणसांच्या विश्वासावर उभे राहिलेले भांडवलही पुण्याला नेले. मार्केट यार्डातील गाळ्याचा पहिला हप्ता अनेकदा गावच्या दुकानाच्या गल्ल्यातून गेलेला असतो.

काळजी खोटी नाही

मुलांची काळजी खोटी आहे असे यातून कुणी समजू नये. रात्री छातीत दुखू लागले तर मोठ्या उपचारासाठी पुणेच गाठावे लागते. जुन्या वाड्याचा लाकडी जिना सत्तरीनंतर शत्रू होतो. पावसाळ्यात दरडींमुळे वरंधा घाट वारंवार बंद होतो आणि त्या वाटेचा व्यापार थंडावतो. महामार्गावरची मोठी दुकाने आणि मोबाइलवरून होणारी खरेदी यांमुळे पेठेतील गिऱ्हाईक घटले आहे. ज्या आळीत आठ-दहा घरे आपल्या समाजाची होती, तिथे दोन-तीन उरली आणि त्यांतही दोन म्हातारी माणसेच राहतात, ही अनेक गावांची स्थिती आहे. एकटेपणा भोरमध्येही असतो.

पण यावर सरसकट उपाय म्हणून आई-वडिलांना गाडीत बसवून पुण्यात आणणे हा हिशेब अपुरा आहे. ज्या माणसाने सकाळी उठून दुकानाची फळी उघडायची, चार जणांशी बोलायचे, बाजाराच्या दिवशी डोंगरातून आलेल्याला पाणी विचारायचे, संध्याकाळी नदीकडे एक फेरी मारायची असा दिवस पन्नास वर्षे घालवला, त्याला दूरदर्शन संचासमोरची आरामखुर्ची ही विश्रांती वाटत नाही. त्याच्या लेखी ती निवृत्ती नसून बडतर्फी असते. मुलांनी हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकण्याची वाट पाहू नये. ते सहसा बोलून दाखवत नाहीत.

ग्रामधर्म

स्थानांगसूत्रात धर्माचे दहा प्रकार सांगितले आहेत. श्रुतधर्म आणि चारित्रधर्म हे त्यांत आहेतच. पण ती गणना सुरू होते ग्रामधर्मापासून. त्यानंतर नगरधर्म, राष्ट्रधर्म, कुलधर्म, संघधर्म वगैरे येतात. गावाची मर्यादा, गावाचा व्यवहार आणि गावाचे हित सांभाळणे हेही धर्माच्या कक्षेत आहे, असा त्याचा सरळ अर्थ. कुलधर्म आणि संघधर्म यांबाबत आपला समाज जागरूक आहे. कुलदेवतेला जाणे होते, संघाच्या निधीला देणगी दिली जाते. ग्रामधर्माचा मात्र विसर पडत चालला आहे, आणि गावात राहिलेले वृद्ध तो एकट्याने पाळत आहेत.

त्यांना साथ देण्यासाठी फार मोठ्या गोष्टी लागत नाहीत. वाड्याच्या तळमजल्यावर झोपण्याची सोय, न्हाणीघरात धरायला दांडा, गावातील डॉक्टरांशी ठरवून ठेवलेला संपर्क आणि भावंडांत वाटून घेतलेला आठवड्याचा एक मुक्काम, एवढ्याने अर्धी काळजी दूर होते. पुण्यात धान्याचा व्यापार करणाऱ्यांना तर याहून मोठे काम करता येईल. शेजारच्या मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भोर-वेल्ह्यात पिकणाऱ्या इंद्रायणी आणि आंबेमोहराला पुण्यात गिऱ्हाईक आहे. मात्र त्या नावाखाली दुसराच तांदूळ विकला जाण्याची तक्रारही आहे. ज्यांच्या आजोबांनी कानद खोऱ्यातले भात स्वतः मोजून घेतले, त्यांनी तोच तांदूळ खऱ्या नावाने, खऱ्या मापाने आणि शेतकऱ्याला रास्त भाव देऊन विकला, तर व्यापारही होईल आणि ग्रामधर्मही. पुण्याहून साताऱ्याकडे विहार करणारे साधू-साध्वी याच महामार्गाने जातात. त्यांच्या वैयावच्चासाठी गावात एखादे उघडे घर असणे हीसुद्धा संघाची गरज आहे. बंद कुलपाच्या वाड्याने ती भागत नाही.

आणि एक काम वहीचे. जुन्या दुकानांत कधीही वसूल न होणाऱ्या उधारीची पाने असतात. संवत्सरीच्या दिवशी क्षमापना करताना त्यांतील गरिबांची पाने मनापासून मिटवावीत आणि तसे त्या घरी जाऊन सांगावे. मुलांनी वडिलांसोबत जावे. कोणत्या वाडीत कोण राहतो, कुणाच्या आजाने कोणत्या वर्षी काय मदत केली, कुणाचे देणे आपल्याकडेच राहिले आहे, हे त्या एका फेरीत कळेल. ते कोणत्याही खातेवहीत लिहिलेले नसते आणि सांगणारा माणूस गेला की कायमचे जाते.

बँकेत खातेदाराचे वय झाले म्हणून खाते बंद करत नाहीत. त्याला दुसरे नाव जोडतात. भोरमध्ये राहिलेल्या आई-वडिलांचे गावाशी असलेले खाते अजून चालू आहे. पुढच्या पिढीने सहीचा नमुना देऊन आपले नाव त्यात घालून घ्यावे. ते काम वडील हयात आहेत तोवरच सोपे असते.